घरी सात किलो, काउंटरवर साडेआठ: केबिन बॅगेचे वजन दर वेळी का चुकते

चार-चार महिने परदेशात राहायचे आणि सोबत फक्त केबिन बॅग ठेवायची, असे ठरवून निघणाऱ्यांची तक्रार बहुधा एकाच शब्दांत येते: आदल्या रात्री घरी वजन केले तेव्हा बॅग सात किलोंत बसली होती, विमानतळावर तीच बॅग साडेआठ भरली. माझ्या बाबतीत हे लागोपाठ तीन प्रवासांत घडले. मी जर्मनमधून तांत्रिक भाषांतरे करते, काम कुठूनही करता येते, त्यामुळे वर्षातले काही महिने पुण्याबाहेर जातात आणि सामान भरण्याचा सराव मला कमी नाही. तरीही तिसऱ्या खेपेला मुंबईच्या टर्मिनल दोनवर, मागे रांग खोळंबलेली असताना, फरशीवर बॅग उघडून स्वेटर अंगात आणि चार्जर खिशात कोंबण्याची वेळ आली, तेव्हा हा योगायोग नाही, माझ्या भरण्यातच कुठेतरी दोष आहे, हे मान्य करावे लागले. तो दोष मी ज्या क्रमाने शोधला त्याच क्रमाने खाली लिहिले आहे. माझा अंदाज असा की पहिल्या दोन तपासण्यांतच निम्म्या लोकांचे काम होईल.

आत्ता रांगेतच उभे असाल तर

कारणमीमांसा नंतर करता येईल. आधी लहान पण जड वस्तू अंगावर घ्याव्यात: पॉवर बँक, चार्जर, कागदपत्रांचे पाकीट जॅकेटच्या खिशांत, बूट बॅगेत आणि चपला पायांत असतील तर त्यांची अदलाबदल करावी. एवढ्याने किलोभर सहज उतरते. कपड्यांवर कपडे चढवून फारसे साधत नाही, कारण एक पातळ टीशर्ट जेमतेम १५० ग्रॅमचा असतो आणि मे महिन्यात मुंबईत पाच टीशर्ट घालून घामाघूम उभ्या असलेल्या माणसाकडे कर्मचाऱ्याचे लक्ष गेल्याशिवाय राहत नाही. इतके करूनही बॅग चेक-इनमध्ये द्यावीच लागली, तर पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या, औषधे, लॅपटॉप आणि पासपोर्ट बाहेर काढल्याशिवाय ती हातची सोडू नये. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँका चेक-इन सामानात चालत नाहीत, आणि विमानाच्या दाराशी घाईत बॅग काढून घेतली जाते तेव्हा नेमका याचाच विसर पडतो.

काटा खोटा आहे का?

सर्वांत आधी संशय काट्यावर घ्यावा, कारण तो तपासायला पाच मिनिटे लागतात. घरातला माणसांचे वजन करण्याचा काटा पन्नास-साठ किलोंना ठीक असतो. त्यावर सात किलोंची एकटी बॅग ठेवली की तो काहीही दाखवतो. बॅग हातात घेऊन उभे राहावे, मग बॅगेशिवाय उभे राहावे आणि वजाबाकी करावी, ही पद्धत त्यापेक्षा बरी, पण तिच्यातही पाव-अर्ध्या किलोचा फरक सहज पडतो. बॅग अडकवून उचलण्याचा छोटा डिजिटल काटा पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळतो, तो घ्यावा. आणि घेतल्यावर त्याच्यावर लगेच विश्वास न टाकता साखरेचे एक-एक किलोचे पाच न फोडलेले पुडे कापडी पिशवीत घालून त्याला लावावेत. पिशवीचे पन्नास-साठ ग्रॅम धरून आकडा पाच किलोंच्या फार इकडेतिकडे गेला, तर काटा परत करावा.

माझ्याकडे तेव्हा हा काटा नव्हता. चौथ्या प्रवासाआधीच्या रविवारी गल्लीत रद्दीवाला आला, तेव्हा मी भरलेली बॅग घेऊन खाली गेले. त्याने ती आकड्याला अडकवली, एका हाताने तोलून धरली आणि म्हणाला, “ताई, सात किलो शंभर. विकायची का?” घरच्या वजाबाकीत तीच बॅग सहा किलो आठशे भरली होती. म्हणजे माझा काटा ३०० ग्रॅमने खोटा होता, पण उरलेल्या सव्वा किलोचा आणि त्याचा काही संबंध नव्हता.

वजन कोणत्या बॅगेचे केले?

खरे कारण दुसऱ्या दिवशी सापडले, आणि ते इतके साधे होते की सांगायला संकोच वाटतो. सकाळी एक भाषांतर पाठवायचे होते म्हणून लॅपटॉप टेबलावर होता आणि त्याचा चार्जर भिंतीला लावलेला होता. आदल्या दिवशी रद्दीवाल्याने तोललेल्या बॅगेत ते दोन्ही नव्हते. लॅपटॉप १,२४० ग्रॅम, चार्जर व वायरी मिळून २४० ग्रॅम; बेरीज १,४८०. मागच्या तिन्ही प्रवासांत मी आदल्या रात्रीपर्यंत काम केले होते आणि तिन्ही वेळा लॅपटॉपविना बॅगेचे वजन केले होते.

काम करत प्रवास करणाऱ्यांना हा दोष हमखास लागतो, पण इतरांच्याही बॅगेत निघता निघता काही ना काही शिरतेच. फोनचा चार्जर सकाळी येतो, पाण्याची बाटली येते, मानेखालची उशी येते, वाचायला घेतलेले पुस्तक येते. आणि डबा येतो. आमच्या घरी हे काम आईकडे आहे. टॅक्सी दाराशी उभी असताना ती लसणाच्या चटणीची बरणी पुढे करते आणि म्हणते, “अगं असू दे, वजन ते काय त्याचं!” काचेच्या बरणीसह त्याचे वजन ४१० ग्रॅम होते, हे मी नंतर मोजले. आईशी वाद घालून उपयोग होत नाही. त्यापेक्षा आदल्या दिवशीच तिच्याकडून जे यायचे ते मागून घ्यावे, काचेच्या बरणीतून जाड प्लास्टिकच्या पिशवीत ओतावे, आणि मग वजन करावे.

उपाय एकच आहे: दाराबाहेर पाऊल टाकण्याच्या क्षणी जी बॅग खांद्यावर असेल तिचेच वजन ग्राह्य धरायचे. हे साधायचे तर आदल्या संध्याकाळी काम बंद करावे लागते, किंवा लॅपटॉप बॅगेत घालून वजन करून पुन्हा बाहेर काढावा लागतो. मी दुसरा मार्ग धरते, कारण पहिला मला कधी जमला नाही. पाण्याची बाटली मात्र रिकामीच न्यावी आणि सुरक्षा तपासणीनंतर भरावी.

रिकाम्या बॅगेचेच वजन किती?

माझी जुनी चाकांची ट्रॉली रिकामी २,९०० ग्रॅम भरली. सात किलोंतले जवळजवळ तीन किलो चाके, दांडा आणि कडक आवरण यांत गेले, तर उरलेल्या चार किलोंत चार महिन्यांचा संसार बसवण्याच्या युक्त्या शोधत बसण्यात अर्थ नाही. तिच्या जागी ४० लिटरची, समोरून पूर्ण उघडणारी पाठीवरची बॅग घेतली, ती १,१५० ग्रॅमची आहे. पावणेदोन किलो एका खरेदीत सुटले; पुढे कपड्यांत कितीही काटकसर केली तरी एवढे वजन एकदम सुटले नाही. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी अर्थातच चाके सोडू नयेत, पण हलक्या कापडी आवरणाची, दोन किलोंच्या आतली ट्रॉली शोधावी आणि दुकानात जाताना काटा खिशात ठेवावा. लेबलवरचे वजन आणि खरे वजन यांत फरक मला दोनदा आढळला आहे.

मर्यादा सात किलोंचीच आहे का?

हा प्रश्न उलट्या बाजूनेही विचारावा. भारतीय कंपन्या, एमिरेट्स, सिंगापूर एअरलाइन्स यांची इकॉनॉमीतली मर्यादा ७ किलो आहे. लुफ्तान्साची ८ किलो आणि ५५ × ४० × २३ सेंमी. एअर फ्रान्सची १२ किलो, पण त्यात पर्स किंवा लॅपटॉपची पिशवीही धरलेली. ब्रिटिश एअरवेजची तर २३ किलो. त्यामुळे जाताना कोणी हटकले नाही आणि दोन महिन्यांनी युरोपातल्या युरोपात स्वस्त विमानाने जाताना अडकलो, असे वारंवार होते. रायनएअरच्या सर्वांत स्वस्त तिकिटात फक्त ४० × ३० × २० सेंमीची पिशवी नेता येते, आणि तिथे वजनापेक्षा माप आडवे येते. आकडे बदलत राहतात, म्हणून प्रत्येक टप्प्याच्या तिकिटावर प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचे नाव पाहून तिचा नियम वाचावा आणि सर्वांत कडक टप्प्याप्रमाणे बॅग भरावी. किंवा त्या एका टप्प्यापुरते जादा सामानाचे पैसे घरूनच, ऑनलाइन भरावेत. दाराशी तेच बरेच महाग पडते.

कपडे किती, यापेक्षा ते किती वेळात वाळतात

एवढे झाल्यावर कपड्यांकडे यावे. बहुतेक लोक इथून सुरुवात करतात आणि म्हणून थकतात. महिने मोजून कपडे भरण्याची सवय ही मूळ अडचण आहे. आठ दिवसांना लागतात तेवढेच कपडे चार महिन्यांना लागतात, कारण दोन्हीकडे धुणे आलेच. आणि धुणे आले की कपड्यांची संख्या ते वाळायला किती वेळ लागतो यावर ठरते. रात्री धुतलेला कपडा सकाळी घालता येत असेल तर तीन जोड पुरतात. दोन दिवस लागत असतील तर सहाही अपुरे पडतात.

याची चाचणी घेण्यासाठी पुण्यासारखे गाव नाही. जुलैत, बाहेर संततधार लागलेली असताना, घरात दोरीवर कपडा टाकावा आणि पंखा लावावा. जाड सुती टीशर्ट दुसऱ्या संध्याकाळीही दमट लागतो आणि त्याला तो ओळखीचा कुबट वास येतो. जीन्स तर तिसऱ्या दिवशीही कमरेच्या शिवणीत ओली असते, शिवाय ती एकटीच सहाशे ते आठशे ग्रॅमची. कापसाचा धागा पाणी आत ओढून धरतो, पॉलिस्टर जवळजवळ धरतच नाही, म्हणून हा फरक पडतो. मेरिनो लोकर मधली: ती आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही आणि तिला घामाचा वास उशिरा येतो, मात्र महाग असते आणि कसर लागते. पुण्याच्या पावसाळ्यात जो कपडा रात्रीत वाळला तो जगात कुठेही वाळेल, या एका कसोटीवर मी माझे सगळे कपडे निवडले.

टॉवेलचेही तेच. टर्किश टॉवेल अर्धा किलोच्या वर जातो. प्रवासासाठी म्हणून मिळणारे मायक्रोफायबरचे टॉवेल हलके असतात, पण अंगाला चिकटल्यासारखे लागतात, आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला पंचा त्यांच्याहून सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. माझा पंचा १४० ग्रॅमचा. तो अंग पुसायला, उन्हात डोक्यावर घ्यायला, आणि मुख्य म्हणजे कपडे वाळवायला उपयोगी पडतो: धुतलेला कपडा हाताने पिळून झाल्यावर कोरड्या पंच्यावर पसरावा, दोन्ही मिळून अळूवडीसारखी घट्ट गुंडाळी करावी, ती दोन्ही टोकांनी पिळावी किंवा तिच्यावर मिनिटभर उभे राहावे. कपड्यातले बरेचसे पाणी पंच्यात उतरते आणि वाळण्याचा वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. पंचा स्वतः तासा-दोन तासांत वाळतो.

या हिशोबाने सध्या माझ्या बॅगेत तीन टॉप, एक पँट, एक सलवार, अंतर्वस्त्रांचे सहा जोड, मोज्यांचे तीन, पातळ स्वेटर, पावसाळी जॅकेट, पंचा, ओढणी आणि रात्रीचे कपडे असे मिळून २,५५० ग्रॅम आहेत. लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक आणि अडॅप्टर १,७४०, प्रसाधने ४५०, औषधे २५०, चपला ३००, कागदपत्रे २००. बॅगेचे १,१५० धरून एकूण ६,६४० ग्रॅम होतात. उरलेले ३६० ग्रॅम आईच्या वाट्याचे.

वजन बरोबर असूनही वस्तू काढून घेतल्या जातात

हा दोष वेगळा, पण तक्रार करताना लोक तो वजनाशीच जोडतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रव पदार्थाची प्रत्येक बाटली १०० मिलीपर्यंतची आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. घोळ होतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे मोजले जाते ते भांड्याचे माप, आतला माल नव्हे. १५० मिलीची ट्यूब तळाशी आली असली तरी ती जाते. दुसरे म्हणजे टूथपेस्ट, मलम, लोणचे, जॅम हे सगळे द्रवातच धरले जातात, आणि खोबरेल तेल थंडीत थिजून दगड झाले असले तरी ते तेलच. काही युरोपीय विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे हा नियम सैल झाला आहे, पण मधल्या किंवा परतीच्या विमानतळावर तो असू शकतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. शांपूची वडी, तुळशीबागेतल्या ५० मिलीच्या डब्या आणि दातांसाठी छोटी ट्यूब एवढ्याने हे प्रकरण मिटते. संपले की तिथे मिळते.

खाण्याच्या बाबतीत कोरडे ते बरे. मेतकूट, भाजणी, कोरडी चटणी यांना सुरक्षा तपासणीत सहसा हरकत येत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र विमानात नेता येत नाहीत, कारण त्यांतल्या तेलामुळे त्या आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडतात. युरोपीय संघात बाहेरून मांस व दुग्धजन्य पदार्थ नेण्यास बंदी आहे, त्यामुळे तुपाचा आग्रह सोडावा. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते: संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर या दोन्ही ठिकाणी खसखस निषिद्ध आहे, आणि कित्येक घरांतल्या गोड्या मसाल्यात ती घातलेली असते. दुबईमार्गे किंवा सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांनी मसाला कोणी व कशाचा केला आहे हे विचारूनच तो बॅगेत ठेवावा.

पॉवर बँकेवर वॉट-तासांचा आकडा पाहावा. १०० वॉट-तासांपर्यंत अडचण नसते, १०० ते १६० मध्ये कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नेताच येत नाही. नेहमीची २०,००० एमएएचची बँक ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ७४ वॉट-तासांची होते, म्हणजे चालते. पण छापील आकडा पुसला गेला असेल तर ती काढून घेतली जाऊ शकते.

औषधांचे खोके फेकावेत, पण गोळ्या मूळ पट्टीतच ठेवाव्यात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडची ब्रँडची नावे बाहेर कोणाला कळत नाहीत. जपानमध्ये चिठ्ठीवरची औषधे सर्वसाधारणपणे महिन्याभराची नेता येतात, त्याहून जास्त हवी असतील तर आधी मंजुरी घ्यावी लागते. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आपल्या घरात सहज पडलेले असते, ते आखातातून जाताना बरोबर ठेवू नये.

निघताना बरोबर, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा जास्त

पहिले विमान सुखरूप पार पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या मुक्कामानंतर बॅग मिटेनाशी होते, असे असेल तर दोष भरण्यात नाही, राहण्यात आहे. संग्रहालयातली माहितीपत्रके, अर्धी राहिलेली साबणाची बाटली, थंडी वाजली म्हणून घेतलेला जाड कोट, दमट असतानाच गुंडाळलेले कपडे, हे सगळे हळूहळू साठते. म्हणून काटा बरोबरच न्यावा. माझा ९० ग्रॅमचा आहे आणि वरच्या हिशोबात मी तो चार्जरच्या पिशवीत धरला आहे. प्रत्येक मुक्काम हलवण्याआधी वजन करावे. नवी वस्तू आली की तेवढ्याच वजनाची जुनी जावी, या नियमाला मी अपवाद करत नाही. जर्मनीत रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांसाठी पेट्या ठेवलेल्या असतात आणि जुन्या कपड्यांची दुकानेही बरीच असतात, त्यामुळे थंडीपुरता कोट तिथे घ्यावा आणि निघताना तिथेच सोडावा. परतीच्या चॉकलेटांसाठी मी सरळ चेक-इनचे पैसे भरते. सात किलोंचे व्रत घेतलेले नाही. लग्नाला जायचे असेल आणि पैठणी न्यायची असेल (आमच्या घरातली काट्यावर ८०० ग्रॅम भरली), लहान मूल बरोबर असेल, किंवा बर्फात चालायचे असेल, तर मोठी बॅग घ्यावी आणि तिचा संकोच बाळगू नये.

घरी परतल्यावर बॅग रिकामी करताना दोन ढीग करावेत, वापरलेल्या वस्तूंचा आणि न वापरलेल्यांचा, आणि दुसऱ्या ढिगाची यादी वजनासह एका वहीत लिहावी. जी वस्तू लागोपाठ दोन प्रवासांत त्या यादीत आली ती तिसऱ्यांदा नेऊ नये. माझ्या वहीत गेल्या दोन खेपांना छत्री, दुसरी वही, जादा अडॅप्टर आणि आईने पाकिटात सारलेली अंगाऱ्याची पुडी अशा चार वस्तू आल्या. पहिल्या तीन काढल्या. पुडीचे वजन लिहायला म्हणून ती काट्याला लावली, तर त्याने शून्य दाखवले.